पिठाची विरी आणि औषधाची गोळी

कोणत्याही मराठी घरात आज डोकावले तर दोन डबे हटकून दृष्टीस पडतात. एक मिसळणाचा, स्वयंपाकघरात ओट्यावर. दुसरा गोळ्यांचा, बहुधा देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात. पहिल्या डब्यात काय काय आहे हे घरातील धाकटी सूनही डोळे मिटून सांगू शकते. दुसऱ्या डब्यातील गोळ्यांविषयी मात्र आपल्याला रंग, आकार आणि वेळ यांपलीकडे फारसे काही ठाऊक नसते. सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, एवढ्यावर आपले ज्ञान संपते.

आम्ही मराठीत एम. ए. झालो आणि नोकरी मात्र उज्जैनच्या हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळांतून केली. दोन भाषांच्या उंबरठ्यावर आयुष्य गेल्यामुळे कोणताही छापील मजकूर दिसला की तो वाचून पाहण्याची आणि त्यातील शब्द घोळवत बसण्याची खोड आम्हांस जडली आहे. गोळ्यांच्या पाकिटामागील बारीक अक्षरेही या खोडीतून सुटली नाहीत. तेथे औषधाचे नाव आणि त्याचे मिलिग्रॅम छापलेले असतात आणि त्याखाली पुष्कळदा एक त्रोटक ओळ असते : ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ एक्सिपियंट म्हणजे गोळीतील औषधाव्यतिरिक्तची द्रव्ये. आपण त्यांना सहायक द्रव्ये म्हणू. आणि ‘क्यू. एस.’ ही लॅटिनमधील जुनी आद्याक्षरे. त्यांचा अर्थ ‘पुरेसे तेवढे’. ती ओळ प्रथम वाचली तेव्हा आम्हांला हसूच आले. आमच्या आजीच्या हस्तलिखित वहीत प्रत्येक पाककृतीच्या अखेरीस हेच तर असे : मीठ चवीपुरते, पाणी लागेल तसे.

हे ‘लागेल तसे’ किती जोखमीचे असते, ते गेल्या पावसाळ्यात कळले.

आमच्या मातोश्री एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी अर्धी गोळी सांगितली आहे. गोळीच्या मध्यावर खाच असते. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबले की तिचे दोन सारखे तुकडे व्हावेत. श्रावणात आणलेल्या गोळ्यांचे मात्र तसे होईना. दाबताच गोळीचे चार-पाच तुकडे होत आणि तळहातावर चिमूटभर भुगा उरे. आई ओल्या बोटाने तो भुगा टिपून घेत आणि म्हणत, “औषध आहे, वाया कशाला घालवायचे?” पण आज बोटाला किती लागले आणि काल किती, याचा हिशेब कोण ठेवणार? औषधाची मात्रा अशी बोटाच्या ओलाव्यावर अवलंबून राहावी, हे आमच्या मनाला लागून राहिले.

आमची औषधे देवास गेटवरून येतात. उज्जैनबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर, रेल्वे स्टेशनाजवळचा हा भाग. बसच्या अड्ड्यामुळे प्रवाशांच्या आणि माधव महाविद्यालयामुळे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या येथून गेल्या आहेत. केमिस्टने तक्रार ऐकून घेतली, पाकीट परत घेतले आणि त्याच गोळीचे दुसऱ्या बॅचचे पाकीट दिले. नवी गोळी खाचेवर अशी सुरेख दुभंगली की जणू सुरीनेच कापली आहे. आम्ही दोन्ही पाकिटांवरचा मजकूर मनात ताडून पाहिला. औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, कंपनी तीच. मग फरक होता कशात? ज्याचे नावही धड छापले जात नाही त्या ‘पुरेसे तेवढे’मध्ये.

आमचा एक जुना विद्यार्थी देवासकडे गोळ्यांच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. येथून देवास सुमारे चाळीस किलोमीटर. देवास, पीथमपूर, रतलाम या माळव्याच्या पट्ट्यात औषधांचे कारखाने आता चांगलेच रुजले आहेत. हा मुलगा रोज सकाळी देवास गेटवरून जातो आणि दिवे लागल्यावर परततो. मराठी घरातला, पण दोन वाक्ये मराठीत झाली की तिसरे हिंदीत उतरते. एका रविवारी तो घरी आला असता आम्ही त्याला गोळीची हकिकत सांगितली. तो म्हणाला, “सर, गोळीचे बरेवाईट मशीनच्या आधीच ठरलेले असते. मशीन तो सिर्फ ठप्पा लगाती है. खरे काम दाणा पाडण्याचे. आमच्या खात्याचे.”

या दाणा पाडण्यास कारखान्यात ‘वेट ग्रॅन्युलेशन’ म्हणतात. कोरडी भुकटी ओली करून तिचे दाणे बांधावयाचे, ते सुकवावयाचे आणि मग दाबून गोळी करावयाची. भुकटीच थेट का दाबत नाहीत, असे आम्ही विचारले. त्याने आमच्या उंबऱ्याकडे बोट दाखवले. रांगोळी चिमटीतून सरसर सुटते, कारण तिला दाणा असतो. तिच्या जागी मैदा घेऊन रेघ ओढून पाहा. तो एक तर चिमटीतच अडून बसेल, नाहीतर गठ्ठ्याने पडेल. गोळ्यांच्या यंत्रात लहान लहान साचे वेगाने फिरत असतात आणि प्रत्येक साचा पडेल तेवढ्या मालाने भरतो. यंत्र प्रत्येक गोळी तोलून भरत नाही, मापून भरते. माल सारखा वाहिला नाही तर एक गोळी जड आणि दुसरी हलकी होणार. दुसरे कारण चिवड्याच्या डब्याचे. डबा चार दिवस हलत राहिला की मीठमसाला तळाशी जातो आणि पोहे वर राहतात. औषधाचे बारीक कण आणि सहायक द्रव्याचे मोठे कण असेच वेगळे झाले तर पहिल्या हजार गोळ्यांत औषध कमी आणि शेवटच्या हजारांत जास्त, असा प्रकार होईल. दोघांना एकाच दाण्यात बांधून टाकले की ही फारकत होत नाही. थायरॉइडच्या गोळीत औषध पन्नास मायक्रोग्रॅम असते. गोळीचे वजन शंभर मिलिग्रॅम धरले तर दोन हजार भागांत औषधाचा एक भाग. उरलेले एक हजार नऊशे नव्व्याण्णव भाग सहायक द्रव्यांचे. त्या एका भागाला प्रत्येक गोळीत सारखे पोचवणे ही सारी या सोबत्यांची जबाबदारी.

आणि या सोबत्यांचे स्वभाव निरनिराळे. दुधातून मिळणारी साखर, म्हणजे लॅक्टोज, पाण्यात विरघळते. तिला पाणी थोडेच लागते. पण ते किंचित अधिक झाले तर तिच्या कणांचा पृष्ठभाग विरघळून सुकताना एकमेकांत जखडतो आणि दाणे खड्यासारखे कठीण होतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेले मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, स्पंजासारखे ते पोटात धरून ठेवते. त्याला पाणी पुष्कळ लागते आणि थोडे अधिकउणे झाले तरी ते सांभाळून घेते. मात्र ओले असताना फार तिंबले तर सुकल्यावर दाबले जाण्याचा त्याचा गुण उणावतो. मक्याचा स्टार्च कोरडा दिसत असला तरी त्याच्या अंगात वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी मुळातच असते आणि हवा दमट असली की तो आणखी ओढून घेतो. अशा तिघांना एकत्र आणून ‘पुरेसे’ पाणी घालावयाचे.

बारीकपणाचाही प्रश्न आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर वस्तू तेवढीच राहते, पण तिचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटरांवरून साठांवर जातो. हे गणित आम्ही वर्गात कितीदा सोडवून घेतले असेल. त्याचा औषधाच्या गोळीशी असा संबंध असेल हे ध्यानी आले नव्हते. कण बारीक झाले की भिजवावयाचा पृष्ठभाग वाढतो आणि पाणी जास्त लागते. म्हणून पुरवठादाराने पाठवलेला नवा माल नावाने तोच आणि शुद्धतेने निर्दोष असला, तरी चाळणीतून किंचित निराळा उतरत असेल, तर कालचे पाण्याचे माप आज चालत नाही.

“मग पाणी पुरे झाले हे कळते कसे?” आम्ही विचारले.

“सर, मूठ वळून. आता मोटारीवर किती ताण पडतो ते मीटर सांगतो, पाण्याचे प्रमाणही लिहून ठरवलेले असते. पण जुने लोग आज भी मुट्ठी देखते हैं. मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने दाबल्यावर ती स्वच्छ मोडली पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी, अंगठा रुतला तर जास्त.”

इतका वेळ आई जपमाळ घेऊन ऐकत बसल्या होत्या. त्यांनी माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, “अरे, म्हणजे त्या गोळ्यांच्या पिठाची विरी गेली होती, असेच ना?”

मुलगा क्षणभर थांबला. हा शब्द त्याने ऐकला नव्हता. ज्वारीचे पीठ ताजे असते तोवर त्यात एक चिकटपणा असतो, तीच विरी. पीठ जुने झाले की विरी जाते. मग भाकरी थापताना चिरते, कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना तिचे तुकडे होतात. ज्वारी तीच, जाते तेच, हातही तोच. आईंनी हे सारे त्याला समजावले आणि वर पुस्ती जोडली, “विरी गेली की आम्ही आधणाचे पाणी घालून पीठ मळतो. मग होते भाकरी.”

“आजी,” तो म्हणाला, “आम्हीही हेच करतो. स्टार्च उकळत्या पाण्यात शिजवून त्याची खळ करतो आणि ती भुकटीत घालतो. तीच सगळ्यांना बांधते.”

पाणी आणि उष्णता मिळाली की स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. परातीत आणि कारखान्यात नियम एकच. खळीखेरीज जिलेटीन, बाभळीचा डिंक आणि पॉव्हिडोनसारखी कृत्रिम द्रव्येही दाणे बांधण्यास वापरतात. उपासाला आपण ज्याची खिचडी करतो तो साबुदाणाही असाच. टॅपिओका कंदाचा ओला स्टार्च हलवून हलवून त्याचे दाणे बांधतात आणि मग ते भाजून सुकवतात. एकादशीला अख्खे उज्जैन दाणा बांधण्याची ही विद्या पोटात घालत असते आणि कोणाला त्याचा पत्ता नसतो.

दाणा बांधला म्हणजे संपले असे नव्हे. तो सुकवताना ओल थोडी अधिक राहिली तर माल साच्याच्या ठशाला चिकटतो. फार सुकला तर दाब सुटताच गोळीची टोपी निघते, कडा झडतात. शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट नावाची मऊ पूड घालतात, म्हणजे गोळी साच्यातून सहज सुटते. ती शेकडा एक भागाहूनही कमी असते. पण जास्त वेळ घोळवली तर प्रत्येक दाण्यावर तिचा तेलकट लेप बसतो. मग दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि पोटात गेल्यावर पाणीही लवकर आत शिरत नाही. आईंनी याचेही भाषांतर केले : “मोहन जास्त झाले की चकली मोडते.” त्या दिवशी आमच्या घरात औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक होते, त्यांतील एकीने महाविद्यालयाचे तोंडही पाहिलेले नाही.

हे ज्ञान आपल्या देशात नवे नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात वटीचा स्वतंत्र विचार आहे. चूर्णाच्या चौपट साखर, दुप्पट गूळ, गुग्गुळ किंवा मध समभाग, आणि द्रव दुप्पट, अशी प्रमाणे तेथे बांधून दिली आहेत. म्हणजे बांधणारे द्रव्य बदलले की त्याचे मापही बदलते, हे त्या ग्रंथकाराने शतकांपूर्वी नियमात बसवले होते. चूर्णाला रसाची भावना देऊन खलणे हेही ओले करून दाणा बांधण्याचेच नाते सांगते. इंग्लंडात १८४३ साली विल्यम ब्रोकडन या चित्रकाराने कोरडी पूड साच्यात दाबून गोळी करण्याचे पेटंट घेतले. त्या एकाच पेटंटात औषधाच्या गोळ्याही होत्या आणि पेन्सिलीचे शिसेही! शाळामास्तराला यापरता आनंद कोणता? हाताने वळलेल्या गोळीत चुकले तर बोटांना कळत असे. यंत्र आले आणि बोटांचे ते ज्ञान मापात, चाळणीत आणि तपासणीत उतरवणे भाग पडले. आज भारतीय औषधकोशाप्रमाणे गोळ्या फिरत्या पिंपात शंभर फेरे आपटून पाहतात. वजनात शेकडा एक भागाहून अधिक झड होता कामा नये. साधी, लेप नसलेली गोळी पंधरा मिनिटांत पाण्यात विरली पाहिजे. बाहेर न झडणारी आणि आत मात्र विरणारी, अशी दुहेरी परीक्षा तिला द्यावी लागते.

सहायक द्रव्य केवळ भर घालण्यासाठी असते, ही समजूत किती महाग पडू शकते याची एक हकिकत वैद्यकाच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन येथे, अपस्माराच्या रोग्यांना नेहमीचेच फेनिटॉइन घेऊनही भोवळ येऊ लागली, तोल जाऊ लागला. मात्रा बदलली नव्हती. शोध घेता आढळले की कॅप्सूलमध्ये भर म्हणून असलेल्या कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घालण्यात आले होते. पूर्वीची भर औषधाला पूर्णपणे रक्तात जाऊ देत नव्हती. नवी भर आड येईना. तेवढ्याच मिलिग्रॅमांतून रोग्याच्या रक्तात अधिक औषध पोचू लागले. तेथे प्रश्न दाण्याचा नव्हता, कॅप्सूलमधील भुकटीचा होता; पण औषधाचा सोबती बदलला की औषधाची चाल बदलते हा धडा गोळीलाही तितकाच लागू आहे.

इतक्या दूर तरी कशाला जावे? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्यप्रदेशात, छिंदवाडा आणि आसपासच्या भागांत, खोकल्याच्या सिरपाने वीसहून अधिक बालके दगावली. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष. औषध म्हणून ते कोणी घालत नाही. सिरपात औषध विरघळवण्यासाठी जी ग्लायकॉलसारखी द्रव्ये वापरतात, त्यांच्या वाटेने ते आत शिरते. त्या मुलांच्या आयांनी बाटलीवरची औषधांची नावे वाचली असतील, तारीखही पाहिली असेल. ज्याने घात केला त्याचे नाव बाटलीवर नव्हते. सौंसर-पांढुर्णा हा मराठी बोलणाऱ्यांचा मुलूख तेथून लांब नाही. आपल्यापैकी अनेकांचे सोयरेधायरे तिकडे आहेत. ही बातमी वाचल्यापासून ‘क्यू. एस.’ या दोन अक्षरांवर आम्हांला पूर्वीसारखे हसू येत नाही.

कारखान्याच्या आत काय चालते ते आपण घरबसल्या तपासू शकत नाही. परंतु चार गोष्टी प्रत्येक घराला करता येतात, आणि त्या आमच्या विद्यार्थ्याने निघताना आग्रहाने सांगितल्या. गोळ्या आठवड्याच्या आधी पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नयेत. पावसाळ्यात तर नकोच. न्हाणीघराच्या फळीवर किंवा चुलीजवळ त्या ठेवू नयेत. खाच नसलेली गोळी डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारल्याविना मोडू नये. पुष्कळदा निम्म्या मात्रेची गोळी वेगळी मिळते. आणि गोळीचा भुगा झाला, रंग पालटला, डाग दिसले, तर पाकीट फेकून न देता बॅच नंबरासह केमिस्टकडे परत न्यावे. “आपने लौटाया, इसलिए किसी को पता चला,” तो म्हणाला. परत आलेल्या पाकिटावरील नंबरावरून कारखान्यात त्या दिवसाची वही उघडता येते : कोणता स्टार्च होता, किती पाणी पडले, हवा कशी होती.

त्या वहीचे आम्हांला अप्रूप वाटले. शाळेच्या हजेरीपटात आम्ही बत्तीस वर्षे नावे लिहीत आलो. तेथे जे हजर तेच लिहिले जातात. त्या मुलाच्या वहीत मात्र पाकिटावर ज्यांचा नामोल्लेख नाही त्या सर्वांची नोंद असते, वजनासकट आणि वेळेसकट. निघताना आईंनी त्याच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. तो त्याने दाबून पाहिला, आणि मगच तोंडात टाकला.